गाडीची कूलिंग सिस्टीम घरच्या घरी धुवायची असेल तर

रिझर्व्ह बाटलीत कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, वरच्या रेघेला टेकलेलं दिसलं की बहुतेक जण समाधानाने बॉनेट खाली घेतात. पण त्या रेघेवरून कुलंट किती आहे एवढंच कळतं, ते कसं आहे हे कळत नाही. कुलंटमध्ये पाणी आणि ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) यांच्या जोडीला गंज रोखणारी रसायनं असतात आणि ती दिवसागणिक खर्ची पडतात. ग्लायकॉल जागच्या जागी असतं, रंगही बराचसा टिकून असतो, पण धातूला सांभाळणारा भाग संपलेला असतो. मग लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम झिजत जातं आणि हा सगळा गाळ फिरत फिरत रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. गाडी गरम व्हायला लागेपर्यंत यातलं काहीच वरून दिसत नाही.

हे काम घरी नीट करता येतं. हत्यारं मोजकीच लागतात, ताकद तर लागतच नाही. लागतो तो वेळ. इंजिन गरम करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पाणी काढायचं, पुन्हा भरायचं, असं तीन-चार वेळा करायचं असतं. त्यामुळे एक अख्खा मोकळा दिवस हाताशी असेल तरच सुरुवात करा. काम दोन दिवसांत विभागलंत तरी बिघडत नाही, फक्त मधल्या वेळात गाडी बाहेर काढायची नाही. आणि जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे नुसतं पाणी भरलेली गाडी रात्रभर ठेवायची नाही, कारण गोठताना पाणी फुगतं आणि इंजिनच्या ब्लॉकला (मुख्य धातूच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

आधी मॅन्युअल उघडा

गाडीच्या मॅन्युअलमधून तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: सिस्टीममध्ये एकूण किती लिटर मावतं, कोणत्या प्रतीचं कुलंट चालतं, आणि हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रू किंवा वेगळी पद्धत आहे का. लहान गाड्यांत साधारण ४ ते ६ लिटर मावतं, मोठ्या इंजिनांत ८-१० लिटर किंवा त्याहून जास्त. हा आकडा पुढे हिशोबाला लागणार आहे, तो अंदाजाने धरू नका.

कुलंट निवडताना रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं, पिवळं हे रंग प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने घालते, त्यांना कसलंही सर्वमान्य मानक नाही. खरा फरक आतल्या रसायनांचा. जुन्या पद्धतीच्या सिलिकेट-फॉस्फेटवाल्या कुलंटचं आयुष्य साधारण २ वर्षं, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं कुलंट ५ वर्षांच्या आसपास टिकतं. वेगवेगळे प्रकार एकमेकांत मिसळले तर गंज रोखण्याची ताकद घटते, काही वेळा मिश्रण दाटसर चिकटही होतं. म्हणून मॅन्युअलमध्ये जो मानक क्रमांक दिला असेल तोच बाटलीवर शोधायचा.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना मात्र हात लावू नका. त्यांच्यात बॅटरी आणि इन्व्हर्टरसाठी वेगळे कूलिंग सर्किट असू शकतात, काहींना खास कमी विद्युतवाहक कुलंट लागतं आणि शेजारून उच्च विद्युतदाबाच्या वायरी गेलेल्या असतात. काही नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांतही विजेवर चालणारा पंप असतो आणि हवा काढायला स्कॅनर जोडावा लागतो. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असेल तर ते काम गॅरेजचंच.

सामान

पाण्यासाठी पसरट टब, मापाच्या खुणा असलेली बादली किंवा कॅन, नरसाळं, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, जुनी फडकी. डिस्टिल्ड वॉटर भरपूर आणा, सिस्टीमच्या क्षमतेच्या तिप्पट तरी. कुलंट घेताना 'कॉन्सन्ट्रेट' घ्या, आधीच पाणी मिसळलेलं घेऊ नका. असं का, ते भरण्याच्या वेळी कळेल.

गाडीखाली जावं लागणार असेल तर गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेकवा आणि जमिनीवरच्या चाकांना मागून-पुढून अडण लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. बऱ्याच गाड्यांत मात्र टब सरकवण्याइतकी जागा गाडी न उचलताही मिळते.

पाणी फिरतं कसं

वॉटर पंप कुलंट ब्लॉक आणि हेड (ब्लॉकवर बसणारा इंजिनचा वरचा भाग) यांमधून ढकलतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट बंद असतो आणि कुलंट इंजिन आणि हीटर एवढ्यातच फिरत राहतं. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान थर्मोस्टॅटमधलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि मग कुठे कुलंट रेडिएटरकडे जातं. हे लक्षात ठेवा, कारण धुण्याची सगळी पद्धत यावरच बेतलेली आहे: थर्मोस्टॅट उघडला नाही तर रेडिएटरमध्ये ओतलेलं स्वच्छ पाणी ब्लॉकमधल्या घाण पाण्याला जवळजवळ भेटतच नाही.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही

रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा दिसेल. तो दाब आहे, बारमध्ये. दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो. १ बारच्या जादा दाबाला साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे आत १०५ अंशांचं कुलंट शांत असू शकतं. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात उतरतो, ते सगळं कुलंट त्याच क्षणी उकळायला लागतं आणि वाफेसकट चेहऱ्यावर येतं. इंजिन बंद करून थोडा वेळ झाला, तापमानाचा काटाही खाली आला, एवढ्यावर भागत नाही. दोन-तीन तास जाऊ द्या. मग वरचा जाड होज पाइप हाताने दाबून बघा. तो गार आणि मऊ लागला पाहिजे. कडक लागला तर आत अजून दाब आहे. तरीही झाकण उघडताना त्यावर जाड फडकं ठेवा, पाव फेरा फिरवा, थांबा, मग पूर्ण काढा.

रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. त्याच्या पात्यांजवळ हात घालण्याआधी किल्ली काढून ठेवा.

जुनं कुलंट काढणं

गाडी सपाट जागेवर हवी. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर करून ठेवा. अनेक गाड्यांत हीटरचं सर्किट कायम उघडं असतं, पण काहींत मध्ये व्हॉल्व्ह असतो आणि तो बंद राहिला तर हीटरमधलं जुनं कुलंट तसंच अडकून बसतं.

रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात ड्रेन कॉक असतो. बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा. आधी खाली टब सरकवा, मगच तो हाताने हळूहळू सैल करा. धार सुरू झाली की वरचं झाकण उघडा, धार लगेच जोर धरेल. तुमच्या गाडीत ड्रेन कॉक नसेल तर खालचा होज पाइप सोडवावा लागतो. स्प्रिंगच्या क्लॅम्पचे दोन कान पक्कडीने दाबून क्लॅम्प मागे सरकवा आणि पाइप पिळून सुटा करा. पाइप चिकटून बसला असेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून तो उचकटू नका. रेडिएटरची टाकी प्लॅस्टिकची असते आणि तिचं नळकांडं तुटलं तर पूर्ण रेडिएटर बदलावा लागतो. पिळत राहिलं की पाइप सुटतो. पाइप वितभर अंतरावरून अंगावर धार सोडतो, तेव्हा चेहरा बाजूला ठेवा.

रिझर्व्ह बाटली काढून वेगळी धुवा. तिच्या तळाशी जमलेला तपकिरी चिखल तसाच राहू दिला तर तो नव्या कुलंटमध्ये पहिल्याच दिवशी उतरतो.

निघालेल्या पाण्याकडे नीट बघा

टबमधलं कुलंट लगेच ओतून टाकू नका. एका पारदर्शक बाटलीत थोडं घ्या आणि उजेडात धरा. स्वच्छ, रंगीत आणि तळाशी काही नसेल तर सिस्टीम चांगली आहे, पुढचं काम सोपं. विटकरी रंग आणि बाटली हलवली की खाली बसणारे कण, हा लोखंडाचा गंज. पांढुरके खवले म्हणजे नळाचं किंवा बोअरचं पाणी कधीतरी भरलं गेलं आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गरम धातूवर कवच धरतात, आणि क्षाराचं पातळ कवचही उष्णता अडवायला पुरेसं असतं.

सगळ्यात काळजीने बघायची ती तेलाची खूण. कुलंटवर तेलाचा तवंग, किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला साय धरल्यासारखा मातकट थर दिसला तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलेली असू शकते किंवा ऑइल कूलर आतून फुटलेला असू शकतो. इथे थांबा. धुण्याने हा दोष जात नाही. आधी मेकॅनिकला दाखवा.

सिस्टीम रिकामी आहे तोवर होज पाइप एकेक करून दाबून बघा. चांगला पाइप दाबला की रबरासारखा परत येतो. टोकाशी फुगलेला, बुळबुळीत मऊ झालेला किंवा दाबल्यावर आतून करकरणारा पाइप आत्ताच बदला. क्लॅम्पच्या कडेला किंवा वॉटर पंपाच्या खाली वाळलेल्या कुलंटची रंगीत पापडी दिसली तर तिथून गळती आहे. पंपाला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की कुलंट तिथून झिरपतं. ते बुजवायचं नसतं, पंप बदलायचा असतो. रेडिएटरच्या झाकणाचा रबर चिरला असेल तर तेवढ्याच दाबाचं नवं झाकण घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने पाइप आणि टाकीचे जोड यांच्यावर नको तो ताण येतो.

निघालेलं कुलंट मोजायला विसरू नका.

धुणं

आता ड्रेन कॉक बंद करा. हाताने जेवढा बसेल तेवढाच, पान्याने आवळला तर प्लॅस्टिकचा आटा जातो. डिस्टिल्ड वॉटर भरा, झाकण लावा, हीटर गरमवर ठेवून इंजिन सुरू करा. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, राहू द्या. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आला आणि वरचा होज पाइप गार होता तो चांगला तापला, की थर्मोस्टॅट उघडला असं समजा. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाशी असतो. तिथे खालचा पाइप तापण्याची वाट बघायची. पाइप वरवर स्पर्श करून बघा, धरून ठेवू नका. आणखी दहा मिनिटं इंजिन चालवा, मग बंद करा.

आणि आता पुन्हा दोन-तीन तास थांबा. घाई झालेल्या माणसाकडून इथेच चूक होते: गरम इंजिनमधून पाणी सोडायचं आणि लगेच गार पाणी ओतायचं. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी गेलं तर धातूला तडा जाऊ शकतो. थांबण्याला पर्याय नाही.

किती वेळा धुवायचं, याचा हिशोब करता येतो. समजा एकूण क्षमता ६ लिटर आहे आणि ड्रेन कॉकमधून ३.५ लिटर निघालं. म्हणजे २.५ लिटर जुनं कुलंट ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहिलं. एकदा पाणी भरून फिरवलं की मिश्रणात जुनं सुमारे ४२ टक्के उरतं. दुसऱ्या वेळी १७ टक्के. तिसऱ्या वेळी ७ टक्के. नुसतं एकदा काढून भरलं तर जवळपास निम्मं जुनं आतच राहतं, ते यामुळे. तीन वेळा धुतलं की निघणारं पाणी डोळ्यांना साध्या पाण्यासारखं दिसायला लागतं. तरीही गढूळ दिसत असेल तर चौथी वेळ. ब्लॉकचा वेगळा ड्रेन बोल्ट सहज हाताशी येत असेल तर तो उघडून काम लवकर होतं, पण पुष्कळ इंजिनांत तो अडचणीच्या जागी आणि गंजून बसलेला असतो. नवख्या माणसाने त्याच्याशी झुंजू नये.

फारच घाण असेल तर पहिल्या दोन वेळा नळाचं पाणी वापरलं तरी चालेल, पण शेवटच्या दोन वेळा डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला खातात, ते आत मागे राहता कामा नयेत.

बाजारात फ्लशची केमिकल्स मिळतात. माझं मत असं, की वेळच्या वेळी कुलंट बदललेल्या गाडीला त्यांची गरज नाही. गंज भरपूर असेल तर मॅन्युअलला चालणारं सौम्य केमिकल बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतंच वापरा आणि नंतर निदान दोनदा जास्त धुवा, कारण मागे राहिलेलं केमिकल नव्या कुलंटमधली गंजरोधक रसायनं मारतं. घरातलं ॲसिड, टॉयलेट क्लीनर असलं काही चुकूनही ओतू नका. ॲल्युमिनियमला ते सोसत नाही. खूप जुन्या, गंजक्या रेडिएटरमध्ये केमिकलने क्षार निघाला की त्याखाली झाकलेलं छिद्र उघडं पडतं, हेही आधीच मनाशी धरा.

रेडिएटर बाहेरूनही धुवायचा असतो. जाळीच्या पापुद्र्यांत माती, किडे, वाळकी पानं अडकतात आणि हवा जात नाही. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला हलक्या धारेने पाणी सोडा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडेल. प्रेशर वॉशर नको, पापुद्रे बोटाने दाबले तरी वाकतात इतके पातळ असतात.

नवं कुलंट भरणं

शेवटचं पाणी काढलं तरी आत २.५ लिटर पाणी उरलेलंच आहे. अशा वेळी आधीच निम्मं पाणी असलेलं तयार कुलंट ३.५ लिटर ओतलं, तर त्यात कॉन्सन्ट्रेट असतं १.७५ लिटर. म्हणजे ६ लिटरमध्ये फक्त २९ टक्के. बाटलीवर ५० टक्के लिहिलेलं असतं, गाडीत मात्र तेवढं पोचतच नाही. म्हणून उलट करा: एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे ३ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. आतलं पाणी आणि हे मिळून बरोबर निम्मं-निम्मं होतं. तुमच्या गाडीतून निम्म्यापेक्षा कमी पाणी निघत असेल तर निम्मं कॉन्सन्ट्रेट मावणार नाही. मग खालचा होज पाइप सोडवून आणखी पाणी काढावं लागेल.

जास्त कॉन्सन्ट्रेट म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, तर निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलच्या पुढे आहे, तेव्हा पाणी कमी केलं तर इंजिन जास्त तापतं.

हवा काढणं

कुलंट सावकाश ओता, बारीक धारेने. मधे मधे वरचा आणि खालचा होज पाइप हाताने दाबत राहा. बुडबुडे वर येतील आणि पातळी खाली जाईल. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल ठेवून भरा आणि त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग कुलंट आलं की बंद करा. गाडीचं तोंड थोड्या चढावर ठेवलं तर भरण्याची जागा सगळ्यात उंच होते आणि हवा तिकडेच येते.

आता, बहुतेक जुन्या-साध्या गाड्यांत, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करतात आणि पातळी उतरेल तसं भरत जातात. तुमच्या मॅन्युअलमध्ये झाकण लावून हवा काढायला सांगितलं असेल तर तसंच करा. थर्मोस्टॅट उघडताना पातळी एकदम खाली जाते किंवा एखादा मोठा बुडबुडा वर येतो. त्या वेळी चेहरा नरसाळ्यावर नको. कुलंट उसळून वर यायला लागलं तर लगेच इंजिन बंद करा. पातळी स्थिरावली की झाकण लावा, ब्लोअर सुरू करा आणि हाताशी हवा कशी येते ते बघा. सलग गरम हवा आली तर हीटरमध्ये कुलंट पोचलं. काटा वर आहे आणि ब्लोअरची हवा मात्र गार, हे हवा अडकल्याचं लक्षण. डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज आला तरी तेच. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा भरा.

रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, आणि तेवढ्या वेळात खाली वाकून ड्रेन कॉक आणि क्लॅम्प कोरडे आहेत का ते पाहा. मग घराजवळच एक छोटा फेरफटका मारा, नजर काट्यावर ठेवून. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी तपासा. थोडी उतरलेली असणारच, खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये येईपर्यंत त्याच प्रमाणाचं मिश्रण घाला. पुढचा आठवडाभर रोज बघा. दोन-तीन दिवसांनी पातळी स्थिर व्हायला हवी. रोज उतरतच राहिली तर कुठेतरी गळती आहे, वरून ओतत राहून ती थांबणार नाही.

काढलेलं कुलंट

एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोडसर. कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मुलं बोट घालून बघतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून टब एक मिनिटही उघडा सोडू नका. जमिनीवर सांडलेलं माती किंवा भुसा टाकून टिपून घ्या आणि मगच जागा धुवा. जुनं कुलंट, आणि पहिल्या धुण्याचं रंगीत पाणीही, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा. कॅनवर ठळक अक्षरांत 'विषारी – जुनं कुलंट' असं लिहा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नका. गटारात, झाडाच्या मुळाशी, नाल्यात ओतायचं नाही. वापरलेलं तेल आणि कुलंट जमा करून घेणारं गॅरेज किंवा घातक कचऱ्याचं केंद्र शोधा आणि तिथे द्या.

हात धुतल्यावर एका छोट्या कागदावर तारीख, किलोमीटर, कुलंटचा मानक क्रमांक आणि मिश्रणाचं प्रमाण लिहा आणि तो बॉनेटच्या आतल्या बाजूला पारदर्शक टेपने चिकटवा. पुढे कधी वाटेत कुलंट भरायची वेळ आली, तर काय ओतायचं ते भरणाऱ्याला तिथेच कळेल.